फिंगर लेक्सची पहिली सहल: दोघांनी जायचं, तर एका दिवशी एकच काठ

न्यू जर्सीत नव्यानं आलेल्या मराठी जोडप्याचा पहिला उन्हाळा बहुतेक वेळा नायगाऱ्याला जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात प्रश्न पडतो, आता कुठं? आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाला मी एकच उत्तर देते: फिंगर लेक्स. न्यू यॉर्क राज्याच्या मध्यभागी उत्तर-दक्षिण पसरलेली, हाताच्या बोटांसारखी लांबट अकरा तळी. त्यांच्या उतारांवर द्राक्षमळे, मधूनमधून धबधबे, आणि शंभराहून जास्त वाइनरी. एडिसनहून गाडीनं चार-साडेचार तास.

आम्ही दोघं पाच उन्हाळे तिथं जातोय. पहिल्या खेपेला सगळं चुकलं. तीन तळी आणि सहा वाइनरी एकाच दिवसात उरकायला निघालो होतो. संध्याकाळी कुठली वाइन कुठं चाखली ते आठवेना, आणि तळ्याच्या पाण्यात साधे पायसुद्धा बुडवले नव्हते. पुढच्या वर्षीपासून एक नियम केला, एका दिवशी एका तळ्याचा एकच काठ. खाली जे लिहिलंय ते सगळं या नियमावर उभं आहे.

आधी तळं समजून घ्या

हे वाचल्याशिवाय निघू नका, कारण तिथल्या वाइनची चव याच गोष्टीतून येते. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी जुन्या नदीखोऱ्यांना खरवडून खोल केलं आणि ही तळी तयार झाली. त्यांतलं सेनेका सगळ्यात खोल, ६१८ फूट. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. शेजारचं कायुगा सगळ्यात लांब, जवळजवळ चाळीस मैल. कियुका त्या दोघांहून लहान, आणि इंग्रजी वाय अक्षरासारखं दुभंगलेलं.

एवढं खोल पाणी उन्हाळाभर ऊन साठवतं आणि हिवाळ्यात ते हळूहळू सोडत राहतं. सेनेका क्वचितच गोठतं. वसंतात याच्या उलट घडतं: थंड पाण्यामुळे काठावरची हवा उशिरा तापते, वेलींना डोळे उशिरा फुटतात, आणि उशिरा पडणाऱ्या गोठलेल्या दवातून कोवळे फुटवे वाचतात. काठापासून थोडं दूर, वर पठारावर गेलात की द्राक्ष संपतं आणि मका सुरू होतो. गाडीतून जाताना ही सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते.

सेनेका आणि कायुगा ही नावं इथल्या मूळ रहिवासी राष्ट्रांची. १७७९ साली अमेरिकी सैन्यानं त्यांची गावं, शेतं आणि फळबागा जाळल्या. आज ज्या उतारांवर आपण फोटो काढतो, ती त्यांची जमीन होती. जाताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

कधी जायचं

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत कधीही. दिवसा साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियस, रात्री गारवा. जूनमध्ये वेली फुलोऱ्यात असतात, जुलैत घडांवर वाटाण्याएवढे हिरवे कडक मणी दिसतात, आणि ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरायला लागतं. माझ्या मते ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात सुंदर. धबधबेच बघायचे असतील तर मात्र जून, कारण कोरड्या ऑगस्टमध्ये त्यांची धार बारीक होते.

काढणी बघायची म्हणून कुणी उन्हाळ्यात जाऊ नका. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च अशी होते. इथं ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि त्या दिवसांत गर्दी दुप्पट.

खोलीचं बुकिंग दोन महिने आधी करा. वॉटकिन्स ग्लेनमध्ये मोटारशर्यतींचं प्रसिद्ध मैदान आहे. मोठ्या शर्यतीचा शनिवार-रविवार असेल तर गावात खोली मिळत नाही, मिळाली तर भाडं चौपट. तारखा ठरवण्याआधी शर्यतींचं वेळापत्रक बघून घ्या. मुक्कामासाठी पहिल्या खेपेला वॉटकिन्स ग्लेनच निवडा. गाव सेनेकाच्या दक्षिण टोकाला असल्यामुळे दोन्ही काठांचे रस्ते तिथूनच सुरू होतात, आणि वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कमधल्या घळईतले धबधबे चालत जाण्याच्या अंतरावर.

बॅगेत काय हवं

पासपोर्ट. हे मी पहिलं लिहितेय कारण आमच्याबरोबर आलेली एक मैत्रीण याच कारणानं दिवसभर नुसती पाणी पीत बसली. वाइन चाखायला वय एकवीस पूर्ण असल्याचा पुरावा लागतो, आणि न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी अमेरिकेचं किंवा कॅनडाचं लायसन्स नाहीतर पासपोर्ट चालतो. भारतातलं लायसन्स चालत नाही. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांचेही पासपोर्ट घ्या, केस पांढरे असले तरी.

त्यानंतर एक मोठा कूलर आणि बर्फाच्या पिशव्या. याचं कारण पुढं सांगते. घसरणार नाहीत असे बूट, संध्याकाळसाठी स्वेटर, पोहण्याचे कपडे, भरपूर पाणी. आणि डबा. आम्ही थालीपिठं, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी नेतो. बाहेरचं खाणं चालेल का, हे मात्र प्रत्येक वाइनरीत विचारूनच डबा उघडा. ज्यांचं स्वतःचं उपाहारगृह आहे ते बहुधा नाही म्हणतात. सरकारी उद्यानांतल्या बाकांवर काहीच अडचण नसते.

पहिला दिवस: रस्ता आणि घळई

शुक्रवारी सकाळी सातला निघा. आय-२८७ वरून आय-८०, डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्वेनियात, मग आय-३८० धरून स्क्रॅन्टनजवळ आय-८१ गाठायचा. बिंगहॅम्टनला रूट १७ वर पश्चिमेकडे वळायचं. हाच पुढं आय-८६ होतो. हॉर्सहेड्सला तो सोडून रूट १४ ने उत्तरेकडे गेलात की थेट वॉटकिन्स ग्लेन. बिंगहॅम्टनच्या आसपास पेट्रोल भरून घ्या. पुढच्या गावरस्त्यांवर मोबाइलची रेंज मधूनच जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

दुपारी पोचाल. त्या दिवशी वाइनला हात लावू नका, घळईत जा. दोन मैलांपेक्षा कमी अंतरात एकोणीस धबधबे आणि आठशेच्या वर दगडी पायऱ्या. पाण्यानं खडकाचे पातळ थर असे कापलेत की भिंती चवड रचल्यासारख्या दिसतात. एका ठिकाणी वाट धबधब्याच्या मागून जाते. तिथं उभं राहिलं की अंगावर तुषार येतात आणि चष्म्यावर धुकं साचतं. वाट कायम ओली असते. सँडल घालून आलेल्या मुलीला नवऱ्यानं पाठुंगळी घेऊन उतरवलेलं मी स्वतः पाहिलंय. घळईत पोहायला मनाई आहे. पोहायचंच असेल तर इथाकाजवळच्या रॉबर्ट एच. ट्रेमन उद्यानात धबधब्याखालच्या डोहात, जीवरक्षक हजर असतील त्या वेळी.

दुसरा दिवस: सेनेकाचा पूर्व काठ

या दिवसासाठी मी पूर्व काठच सुचवते. तो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारचं ऊन त्याला भरपूर मिळतं आणि सूर्य थेट पाण्यावर मावळतो. वॉटकिन्स ग्लेनहून रूट ४१४ धरा, हेक्टर गावावरून लोडीपर्यंत जा, तिथूनच परत फिरा. हेक्टरच्या आसपासच्या पट्ट्याला स्थानिक लोक केळीचा पट्टा म्हणतात, इतकी तिथली हवा बाकी भागापेक्षा उबदार.

वाइनरी बहुतेक दहा-अकराला उघडतात आणि पाच-सहाला बंद होतात. दिवसाला तीन पुरे. हिशेब सांगते. चाखण्याच्या एका फेरीत चार-पाच वाइन मिळतात, प्रत्येकी साधारण तीस मिलिलिटर. पाच चाखण्या म्हणजे पूर्ण एक ग्लास. म्हणजे तीन वाइनरी झाल्या की तीन ग्लास पोटात गेले. उन्हात हे कळत नाही आणि सहाव्या वाइनरीत एकदम कळतं. शनिवारी बऱ्याच ठिकाणी बसण्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते, ती घरूनच घेऊन ठेवा.

तिघींपैकी एक मोठी निवडा, एक छोटी, आणि तिसरी जिथं तळं समोर दिसतं अशी. लोडीची वॅग्नर व्हिनयार्ड्स पहिल्यांदा येणाऱ्यांना सोयीची. अष्टकोनी इमारत, मोठी बाग, समोर पाणी. छोट्या वाइनरीत मात्र एक गंमत असते जी मोठीत मिळत नाही: वाइन ओतणारा माणूस बऱ्याचदा स्वतःच बागेत काम करणारा असतो. प्रश्न विचारा. द्राक्षाचा माणूस जगात कुठलाही असो, बागेबद्दल विचारलं की थांबून बोलतो.

माझे सासरे निफाडचे द्राक्ष बागायतदार. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हेक्टरजवळच्या एका बागेतून आम्ही त्यांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. नवऱ्यानं कॅमेरा वेलींवर फिरवला तसे ते उठून बसले. "मांडव नाही का रे?" त्यांचा पहिला प्रश्न. नव्हता, वेली तारांवर उभ्या बांधलेल्या होत्या. "मण्यांत पाणी उतरलंय का? एक दाबून बघ." मग, "खुंट कोणता लावलाय, विचार त्याला." खुंट म्हणजे ज्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात तो खालचा भाग. बागेतल्या माणसाला मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. तो खाली बसला, खोडाजवळची माती हातानं बाजूला केली आणि कलमाचा सांधा दाखवला. हिवाळ्याआधी हा सांधा ते मातीनं झाकतात आणि वसंतात पुन्हा उघडा करतात, म्हणजे वरचं सगळं थंडीनं मेलं तरी सांध्याचे डोळे जिवंत राहतात. मी ते मराठीत सांगितलं. बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी. वेल झोपतच नाही. त्याची वेल सहा महिने झोपते, म्हणून त्याला पांघरूण घालावं लागतं." हे वाक्य मी त्या माणसाला जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. त्यानं त्या दिवशी आमच्याकडून चाखण्याचे पैसे घेतले नाहीत.

चाखायचं कसं

पहिल्यांदा टेबलाशी गेल्यावर सगळेच बावरतात. बावरू नका. समोर यादी येते, तिच्यातून चार-पाच निवडायच्या. क्रम असा ठेवा: कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली पांढरी, मग थोडी गोड पांढरी, मग लाल, आणि अगदी गोड सगळ्यात शेवटी. गोड आधी घेतली तर नंतरची कोरडी वाइन आंबट ढोण लागते.

इथं आलात तर रिझलिंग घ्याच. या मातीचं आणि थंडीचं हे द्राक्ष. कोरडीपासून मधासारख्या गोडपर्यंत सगळे प्रकार होतात. कित्येक बाटल्यांच्या मागच्या लेबलवर कोरडी ते गोड अशी एक पट्टी छापलेली असते, तिच्यावरची खूण बघा. आपल्या जिभेला तिखटाबरोबर किंचित गोड रिझलिंग फार छान लागते. तिचा आंबटपणा तोंड साफ करतो आणि गोडवा तिखट शांत करतो. आमच्या घरी मिसळीबरोबर तीच उघडतो. लालमध्ये काबर्ने फ्रँक मागा. कॅलिफोर्नियाच्या दाट लाल वाइनशी तिची तुलना करू नका, ही हलकी असते आणि तिला थोडा ढोबळ्या मिरचीसारखा वास येतो.

ग्लास दांडीला धरा. आधी नुसता वास घ्या. मग फिरवून पुन्हा घ्या, दुसरा वास वेगळा असतो. मग छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरू द्या. आणि टेबलावर जे भांडं ठेवलेलं असतं ते पिकदाणीच समजा. चाखून त्यात थुंकलं किंवा उरलेली वाइन ओतली, तर कुणालाही राग येत नाही. उलट तुम्हाला समजतं असं ओतणाऱ्याला वाटतं. आवडली नाही तर नाही म्हणा. फेरी दोघांत एक घेतली तरी बहुतेक ठिकाणी चालते. आम्ही नेहमी तशीच घेतो.

लेबलांवर दिसणारी नायगारा, कॅटॉबा, कॉनकॉर्ड ही अमेरिकी जातींची द्राक्षं आहेत. त्यांचा वास उग्र, चघळायच्या गोड गोळीसारखा. शंभर-सव्वाशे वर्षं इथं मुख्यतः तीच होती, कारण युरोपी द्राक्ष या थंडीत टिकणार नाही असंच सगळे धरून चालले होते. ते खोटं ठरवलं युक्रेनमधल्या ओदेसाकडून आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी. १९५१ मध्ये ते अमेरिकेत आले तेव्हा वयाची पन्नाशी उलटलेली, इंग्रजी येत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्याकडे याहून कडक थंडी पडते आणि तिथं द्राक्ष जगतं, योग्य खुंटावर कलम केलं तर इथंही जगेल. शार्ल फुर्निए या फ्रेंच वाइनतज्ज्ञानं त्यांच्यावर विश्वास टाकला आणि कामाला घेतलं. १९६२ साली फ्रँक यांनी कियुकाच्या काठावर स्वतःची वाइनरी काढली. आता त्यांची चौथी पिढी तिथं काम करते. नव्या देशात मोठ्या वयात शून्यातून सुरुवात करणाऱ्या माणसाची ही गोष्ट आपल्यासारख्यांना फार जवळची वाटते.

गाडी कोण चालवणार

सकाळी निघतानाच ठरवा, आणि ज्यानं चालवायची त्यानं दिवसभर एकही घोट गिळायचा नाही. आम्ही पाळी लावतो: शनिवारी तो, रविवारी मी. न्यू यॉर्कमध्ये रक्तातलं मद्याचं प्रमाण ०.०८ टक्के झालं की गुन्हा, आणि ०.०५ पासूनही कारवाई होते. व्हिसावर असलेल्यांनी तर हे फारच मनावर घ्यावं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी परराष्ट्र खातं पासपोर्टातला व्हिसा रद्द करू शकतं. नोकरी, घर, इथलं सगळं बस्तान एका ग्लासापायी पणाला लावू नका. दोघांनाही चाखायचं असेल तर चालकासह गाडी ठरवा. तशा सोयी वॉटकिन्स ग्लेन, सेनेकाच्या उत्तर टोकाचं जिनिव्हा आणि इथाका तिन्हीकडे आहेत. उघडलेली बाटली गाडीत पुढं-मागं कुठंही बसणाऱ्याजवळ ठेवू नका.

अंधार पडताना हरणं रस्त्यावर येतात. कियुकाच्या उत्तरेकडच्या पेन यॅन गावाच्या बाजूला मेनोनाइट कुटुंबांच्या घोडागाड्या रस्त्याच्या कडेनं चालतात. त्यांच्यामागं हॉर्न वाजवू नका, घोडा बुजतो. वेग कमी करा, समोर मोकळं दिसलं की लांबून वळसा घ्या.

जुलैअखेर सूर्यास्त साडेआठच्या सुमाराला होतो. त्याआधी खोलीवर परतू नका. काठावर कुठंतरी बसा, समोरचा काठ निळा होताना बघा.

तिसरा दिवस: इथाका आणि घरची वाट

रविवारी सकाळी इथाका, कायुगाच्या दक्षिण टोकाचं कॉर्नेल विद्यापीठाचं गाव. तळ्याच्या काठी शनिवार-रविवार शेतकऱ्यांचा बाजार भरतो. लाकडी छपराखाली भाजी, चीज, मध, गरम खाणं, आणि धक्क्यावर पाय सोडून खायची जागा. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं असं गावातलं नाव म्हणजे मूसवुड. १९७३ साली मित्रमैत्रिणींनी मिळून सुरू केलेलं हे शाकाहारी उपाहारगृह.

तिथून रूट ८९ ने वर गेलात की वीस मिनिटांत टॉकॅनॉक धबधबा. एकच सरळ उडी, २१५ फूट, नायगाऱ्याहून उंच. पायथ्याची वाट जेमतेम पाऊण मैल आणि सपाट, आई-बाबांनाही झेपते. समोरच कायुगाचा किनारा आहे, पोहायला आणि डबा खायला.

आता कूलरचं कारण. दुसऱ्या वर्षी याच धबधब्याच्या वाहनतळावर आम्ही आठ बाटल्या डिकीत ठेवून तीन तास उन्हात गाडी सोडली. परत आलो तर दोन बुचं बोटभर वर आली होती आणि डिकीत गोड आंबूस वास पसरला होता. बाकीच्या बाहेरून ठीक दिसत होत्या. घरी जाऊन उघडल्या तर सगळ्यांची चव शिजवलेल्या सफरचंदासारखी, सपाट. त्यांत लग्नाच्या वाढदिवसासाठी घेतलेली बाटलीही होती. तेव्हापासून विकत घेतलेली प्रत्येक बाटली लगेच कूलरमध्ये जाते, आणि मोठी खरेदी आम्ही शेवटच्या दिवशी निघतानाच करतो.

भारतात न्यायची असेल तर प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क न भरता नेता येते, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या. मोठ्या बॅगेत, मधोमध, दोन टॉवेलांत गुंडाळून. गेल्या दिवाळीत आम्ही निफाडला एक कोरडी रिझलिंग नेली. बाबांनी आयुष्यात द्राक्ष पिकवलं, वाइन कधी प्यायले नव्हते. त्यांनी चमचाभर घेतली, तोंडात धरली, आणि म्हणाले, "यात थंडी लागते रे."